पैसे भरून पवनाकाठी पोळ्या लाटण्याविषयी

मे महिन्याच्या उन्हात, पवना धरणाच्या काठी, जेवणाचे पैसे आगाऊ भरलेले असताना १९ माणसांसाठी पोळ्या लाटण्याची वेळ ज्याच्यावर आलेली नाही, त्याने कृपा करून मला "सासरची माणसं एवढ्या हौसेने बरोबर आली, आणखी काय हवं?" असे विचारू नये. हौस कोणाची झाली आणि ती कोणाच्या कंबरेवर झाली, याचा हिशेब मी मांडणार आहे. आमच्या घरात तो कोणी मांडत नाही, कारण "आपल्याच माणसांत हिशेब कसला करायचा" हे वाक्य तिथे प्रत्येक अडचणीवर तयार असते.

मुळात बेत अगदी लहान होता. मी, माझा नवरा, मोठे दीर, जाऊबाई आणि मुले एवढ्यांनीच जायचे होते. पवनेच्या पात्रात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. ते वर्षाचा बराच काळ पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात धरणाची पातळी खाली गेली की उघडे पडते. मला ते पाहायचे होते आणि त्यासाठीच मेचा शेवटचा शनिवार ठरवला होता. मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर येऊन गेली असली तर त्या भागात काजवेही दिसतात, हा त्यातला दुसरा लाभ. धरणाकाठच्या एका गावातल्या तरुणाचा कॅम्प मी शोधला, त्याच्याशी बोलले आणि माणशी तेराशे रुपयांनी तंबू ठरवले. त्या तेराशेत संध्याकाळचा चहा आणि भजी, रात्री बार्बेक्यू, पूर्ण जेवण, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आणि पुन्हा चहा एवढे सगळे येत होते. दुपारी चारला पोहोचायचे आणि दुसऱ्या दिवशी अकराला तंबू रिकामे करायचे, इतका सरळ व्यवहार होता.

सासूबाईंनी ही बातमी फोनवर त्यांच्या बहिणीला सांगितली. तिथून ती सांगलीच्या मामेसासऱ्यांकडे गेली, चिंचवडच्या चुलतसासऱ्यांकडे गेली, नणंदेकडे तर ती जाणारच होती, आणि आत्येसासूबाईंना "सांगितलं नाही तर राग येईल" म्हणून मुद्दाम कळवण्यात आली. यातल्या एकाही निरोपाच्या आधी मला विचारण्यात आले नाही. मला फक्त आकडा कळत गेला आणि प्रत्येक नव्या आकड्यानंतर त्या कॅम्पवाल्याला फोन करून ओशाळवाण्या सुरात "दादा, अजून दोन माणसं वाढली" असे सांगण्याचे काम माझ्याकडे राहिले. तो बिचारा दरवेळी "येऊ द्या ताई" म्हणत होता. गर्दीच्या शनिवारी ऐन वेळी वाढीव तंबू उभे करणे किती त्रासाचे असते, हे आमच्याकडच्या कोणाच्या गावीही नव्हते.

आता जेवणाचे. जेवण कॅम्पवर मिळणार आहे, त्याचे पैसे भरले आहेत, हे मी ग्रुपवर लिहिले, फोनवर सांगितले आणि समोरासमोरही सांगितले. तरीही निघण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंनी कणकेचा डबा, पोळपाट-लाटणे, गॅसची शेगडी, लहान सिलिंडर, लोणच्याची बरणी, आमरसाचे पातेले आणि भिजवलेल्या मटकीचे फडके दारात काढून ठेवले. का, तर बाहेरचे तेल कसले असते कोणास ठाऊक, आणि मामांना बाहेरच्या पोळीने पित्त होते. मामांचे पित्त एवढे नाजूक असेल तर मामींनी किंवा स्वतः मामांनी त्याची तजवीज करावी, हा विचार आमच्या घरात बंडखोरीत जमा होतो. सामान आमच्या गाडीत गेले, माझी बॅग माझ्या पायाशी आली, आणि मी आमरसाचे पातेले मांडीवर धरून कामशेतपर्यंत आणि तिथून वळणावळणाने पवनानगरच्या पुढपर्यंत प्रवास केला.

तिथे पोहोचल्यावर समोर तुंग आणि तिकोना, पलीकडे लोहगड आणि विसापूर असा सगळा पसारा होता. लोहगड तर २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेला. तो मी किती वेळ पाहिला? शेगडी आणि वारा यांच्यामध्ये आडोसा म्हणून चटई धरून उभी होते, तेवढाच. मेमध्ये पाणी इतके मागे गेलेले असते की काठावरच्या तंबूपासून प्रत्यक्ष पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळाचे मोठे पटांगण लागते आणि त्यावरून वारा मोकाट येतो. ज्योत टिकेना, तेव्हा आत्येसासूबाईंनी शेगडी तंबूत नेण्याची सूचना केली. नायलॉनच्या तंबूत, गाद्यांच्या मधोमध, पेटता गॅस! कॅम्पवरचा मुलगा अक्षरशः धावत आला आणि हात जोडून म्हणाला की तंबू क्षणात पेटेल, आणि पेटला नाही तरी बंद जागेत धुराने जीव गुदमरेल. त्यावर त्याला काय ऐकावे लागले? "आम्ही चाळीस वर्षं स्वयंपाक करतोय, तू आम्हाला शिकवू नकोस." शेवटी दोन मोटारी आडव्या लावून त्यांच्या आडोशाला मी आणि जाऊबाईंनी पोळ्या केल्या. नणंद माहेरी आलेली असल्यामुळे तिला काम सांगायचे नव्हते, आणि तिचे यजमान जावईबापू असल्यामुळे त्यांना खुर्ची, थंड पाणी आणि पहिला चहा द्यायचा होता. सपाट मैदान सोडून दगडमातीत सहलीला आले तरी जावई जावईच राहतो आणि सून सूनच राहते, यात बसणाऱ्यांपैकी कोणालाच काही विचित्र वाटले नाही.

एवढे होईपर्यंत कॅम्पवाल्याच्या घरच्या बायकांनी चुलीवर भाकऱ्या थापल्या होत्या, पिठले झाले होते, कोंबडीचा रस्सा झाला होता, भात निवत होता. आमच्या मंडळींनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. भरलेल्या पैशांचे अन्न तिथे पडून राहिले, आणि घरून नेलेले अन्नही अर्धे उरले, कारण भजी सगळ्यांनीच पोटभर खाल्ली होती. भज्यांचे तेल बाहेरचे असूनही कोणाला बाधले नाही! पण माझ्या संतापाचा कडेलोट रात्री अकराला झाला. जावईबापू आणि पित्तवाले मामा अंधारात कॅम्पच्या स्वयंपाकघराशी गेले, रस्सा-भाकरी मागून घेतली, आणि "गावाकडची चव काही औरच हो" असे म्हणत बोटे चाटली. माझ्या हाताला तव्याचा चटका बसलेला होता आणि मी त्यांच्यापासून दहा पावलांवर पातेली घासत होते.

पातेली कुठे घासायची, यावरही वाद झाला होता. कॅम्पवर भांड्यांसाठी वेगळी मोरी आणि नळ होता. चिंचवडच्या चुलतसासऱ्यांना मात्र "एवढं धरण समोर असताना नळाखाली कशाला" असे वाटले आणि त्यांनी साबणाचे तेलकट पाणी, खरकटे आणि आमरसाच्या कोयी यांसकट ती भांडी सरळ पाण्यात बुचकळायला पोरांना पाठवले. पवनेचे हेच पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथून उचलले जाते आणि शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडला मिळते. म्हणजे काकांच्या स्वतःच्या नळाला येते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या शहरात दिवसाआड पाणी येते म्हणून गाडीतून उतरल्यापासून महापालिकेला शिव्या देणारे हेच काका. मी हे त्यांना सांगितले, तेव्हा ते हसले आणि सासूबाईंना म्हणाले, "धाकटी फार हुशार आहे हं तुमची." हे कौतुक नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

मामेसासऱ्यांनी तर जीवच टांगणीला लावला. कृष्णेत पोहून वाढलेल्या माणसाला लाइफ जॅकेट घालायला सांगणे हा म्हणे अपमान आहे. धरणाचे पाणी आणि वाहती नदी यांत फरक असतो. पाण्याखाली बुडालेल्या शेतांचे बांध आहेत, पाय रुततो असा गाळ आहे, आणि गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी जाईल असा उतार आहे. दर उन्हाळ्यात पवनेत पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यांतले अनेक जण पोहता येणारेच असतात. कॅम्पचा मुलगा शिट्ट्या मारत काठावर धावत होता आणि मामा हात हलवून त्याला गप्प बसायला सांगत होते. बाकीची मंडळी मोबाइलवर चित्रण करत होती. मामा सुखरूप बाहेर आले, टॉवेल गुंडाळून बसले आणि त्यांनी आले घातलेला चहा मागितला. कोणाकडे मागितला असेल?

या सगळ्यात माझा नवरा कुठे होता, असे कोणी विचारेल. माझा नवरा घरी कुकर लावतो, कपडे वाळत घालतो, स्वतःचा डबा स्वतः भरतो. आमच्या घरात मी कधी त्याच्याशी कामावरून भांडलेले नाही. पण आपल्या आईच्या, मावशीच्या आणि मामाच्या नजरेच्या टप्प्यात आला की त्याच्या हातातले सगळे कौशल्य नाहीसे होते आणि तो सतरंजीवर लोळून पत्ते पिसू लागतो. मी एकदा बाजूला बोलावून सांगितले, तर म्हणाला, "दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, कशाला वाईटपणा घेतेस." वाईटपणा मी घेत नव्हते. तो आयता माझ्या पदरात टाकला जात होता, आणि तो टाकणाऱ्यांत त्याचा हात पहिला होता. उठून एक भांडे त्याने विसळले असते, तर आभाळ कोसळले नसते. फार तर आत्येसासूबाईंच्या भुवया वर गेल्या असत्या, आणि त्या तशाही वरच असतात.

रात्रीबद्दल थोडक्यात सांगते, कारण आठवूनच डोके दुखते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, आणि कॅम्पवाल्याने तशी पाटीही लावली होती. जावईबापूंनी घरून आणलेला कराओकेचा डबा रात्री साडेअकरापर्यंत गात होता. शेजारच्या तंबूतली एक बाई तान्हे मूल खांद्यावर घेऊन दोनदा विनंती करायला आली. दुसऱ्या खेपेला तिलाच एक गाणे म्हणण्याचा आग्रह झाला. पुढे कोणीतरी झाडाकडे बोट दाखवून काजवे असल्याचे सांगितले. खरोखरच होते, एका झाडावर चांगले दाट चमकत होते. ते मुलांना नीट दिसावेत म्हणून जावईबापूंनी मोटारीचे दिवे त्या झाडावर सोडले! काजवा अंधारात जोडीदाराला खुणावण्यासाठी उजळतो, त्याच्यावर मोटारीचा झोत टाकल्यावर काय दिसणार? झाडाची पाने दिसली. मुले कंटाळून झोपायला गेली.

झोपायची व्यवस्थाही मंडळींनी परस्पर बदलली होती. आमचा दोघांचा तंबू आत्येसासूबाईंना देण्यात आला, पुरुषांनी गप्पांसाठी वेगळे तंबू घेतले, आणि मी चार बायकांच्या तंबूत पाचवी म्हणून दाराशी आडवी झाले. सकाळी सातलाच उन्हाने नायलॉन असा तापला की आत बसवेना.

आणि वाघेश्वर? सहाला निघायचे ठरले होते, ऊन चढायच्या आत. सहाला सासूबाई आंघोळीच्या गरम पाण्याच्या रांगेत होत्या, साडेसातला मामांचे पोट साफ होण्याची वाट पाहणे चालले होते, साडेआठला काकांना पोहे नको म्हणून उपमा हवा होता आणि रवा अर्थातच घरून आणलेला होता. दहाला कोणीतरी म्हणाले की देऊळच तर पाहायचे आहे, वाटेत कितीतरी देवळे लागतील. मी एकटीच जाऊन येते म्हणाले, तर "घरची माणसं सोडून एकटी कुठे जातेस" असे सगळे एकदम म्हणाले, आणि अकराला तंबू रिकामे करून आम्ही लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानांसमोर वाहनांच्या रांगेत उभे राहिलो. ते मंदिर आता पावसाळ्यात बुडेल आणि पुढच्या उन्हाळ्याशिवाय दिसणार नाही. चिक्की आमच्या गल्लीतल्या दुकानातही मिळते.

पैशांचे सांगायचे राहिले. आगाऊ रक्कम आणि नंतरची वाढीव रक्कम, दोन्ही माझ्या खात्यातून गेल्या. परतल्यावर मी ग्रुपवर माणशी हिशेब टाकला. मोठ्या दिरांनी त्याच दिवशी आपले पैसे पाठवले. बाकीच्यांनी हिशेबाखाली हात जोडल्याची चिन्हे टाकली, आणि मामांनी विचारले की जेवण तर आपण घरून नेले होते, मग त्याचे पैसे कसे? कॅम्पवाल्याशी आधी बोलून ते वळते करून घ्यायला हवे होते, असा सल्लाही त्यांनी दिला. रश्श्याच्या दोन वाट्यांचा उल्लेख मी केला, तेव्हापासून सासूबाई माझ्याशी तुटक बोलतात.

कालच त्याच ग्रुपवर पुढच्या उन्हाळ्यात भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाण्याची कल्पना आली आहे. कोण कोण येणार याची मोजणी सुरू झाली आहे, आणि माझ्या नावापुढे, मला न विचारता, कणीक आणि शेगडी असे लिहिले आहे. माझ्या नवऱ्याने त्यावर संमतीच्या अंगठ्याचे चिन्ह टाकले आहे. शेगडी त्याच्या नावावर करून मी तो ग्रुप सोडला आहे आणि कॅम्पवाल्या तरुणाला परस्पर फोन करून पुढच्या मेमधला एक आडवारचा दिवस एका माणसासाठी राखून ठेवायला सांगितले आहे. त्याने पहिला प्रश्न केला, "ताई, जेवण इथलंच ना?"