पन्नास रुपये घे आणि घरी जा

परवा रविवारी सकाळी, पाळधीच्या पुढे हायवेच्या कडेला, एका अनोळखी आबांनी माझ्या हातात पन्नासची नोट कोंबली. तिला भीक म्हणावं की देणगी, याचा निकाल अजून लागायचाय.

मुलींच्या शिक्षणाला निधी जमवायचा म्हणून ऑफिसातल्या उत्साही मंडळींनी सायकलवारी काढली आहे. जळगाव-धुळे-जळगाव, २०० किलोमीटरला थोडी कमी. मी नाव दिलं, कारण नाव द्यायला पैसे पडत नव्हते. आता दर रविवारी सराव.

धुळ्याकडे जायचं म्हणजे तोंड पश्चिमेला, आणि पावसाळ्यात वाराही पश्चिमेचाच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांचं रान उभं आहे, ते काय हौसेने? त्या लोकांनी आधी वारा मोजला, मग पैसे घातले. आमच्या समितीने मोबाइलवर बोट फिरवलं आणि मार्ग ठरवला. बांभोरीच्या पुलावर गिरणा ओलांडेपर्यंतच मांड्या भरून येतात, त्यात समोरून उलट्या बाजूने वाळूचा ट्रॅक्टर. वर हॉर्न तोच देणार. आणि ती गादीवाली चड्डी! तिच्या आत काही घालायचं नसतं, हे दुकानदाराने भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, मोठ्याने सांगितलं होतं.

तर त्या चड्डीत मी टपरीच्या बाकड्यावर अलगद टेकलो. शेजारी आबा. धोतर, टोपी, हातात बशी. त्यांनी मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत सावकाश वाचून काढलं.

“कोठे चालना भाऊ?”

“एरंडोलला, आबा.”

“तठे काय शे?”

“काही नाही. तिथून परत यायचं.”

आबांनी फुर्रकन बशी संपवली. “तठे काही इसरी उना का?”

विसरलो काही नाही, सराव आहे म्हटलं. सराव हे उत्तर त्यांनी बाद केलं आणि उलटतपासणी सुरू झाली. घरी गाडी नही का? आहे. पेट्रोल परवडत नही का? परवडतं. डाक्टरनी सांगं का? साखर निंघनी का? नाही हो. मग आवाज खाली आणून, “बायकोनी काढी दिधं का?”

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. त्यालाही ऐकायचं होतं.

“कितलानी शे?” आबांनी सायकलकडे हनुवटी केली.

३५ हजार म्हणालो. बायकोला पंधरा सांगितलेत, तेच इथेही सांगायला हवं होतं. आबा उठले, सायकलभोवती एक फेरी मारली. “स्टँड नही. कॅरेज नही. मडगाड नही. पस्तीस हजारमा दिधं काय मंग?”

काय दिलं होतं, हे मलाही नीट सांगता येईना. गिअर दाखवले. त्यांनी एक दांडी खटकन दाबली, चेन उतरली, आणि ते समाधानाने परत येऊन बसले.

शेवटी मी दानधर्माचं सांगितलं. मी सायकल चालवतो, लोक पैसे देतात, पैसे पोरींच्या शाळेला जातात. आबांनी यावर बराच विचार केला.

“तू घरमा बसना तरी लोके देतीन ना?”

देतील का? देत नाहीत, आबा! सायकल चालवूनही देत नाहीत. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मी आवाहन टाकलं, तर पुण्याच्या मेहुण्याने फुगवलेल्या दंडाची चार चित्रं पाठवली. आतेभावाने ८० जीची, म्हणजे आयकरात सूट देणारी, पावती मिळते का विचारलं, २००० च्या वर रोख दिलं तर सूट मिळत नाही हेही मलाच समजावलं, आणि इतका अभ्यास झाल्यावर ना रोख दिले, ना ऑनलाइन. याच माणसाच्या मुलाच्या मुंजीत मी पाकिटात एकवीसशे घातले होते. एका मावशीने तर “जपून चालव, आपली हाडं आता कोवळी नाहीत,” असा आशीर्वाद दिला. आशीर्वादाची पावती कशी फाडायची?

आबांनी कमरेची पिशवी सोडली, चुरगळलेली नोट काढली आणि माझ्या मुठीत दाबली. “हाई ले. पोरीसना शाळाले दे. नि तू घर जाय.”

मी तिथूनच वळलो. चेन चढवली, वारा पाठीशी आला, जळगाव कसं आलं कळलंही नाही.

सोमवारी खजिनदारांकडे नोट दिली. ऑनलाइन फॉर्म उघडून त्यांनी देणगीदाराचं नाव, मोबाइल आणि पॅन विचारला. आबांचा पॅन मी कुठून आणू? शेवटी ती माझ्याच नावावर जमा झाली. मग म्हणाले, “एरंडोलचा सेल्फी टाकला नाहीस. सराव धरता येणार नाही.”

हे खजिनदार वारीच्या दिवशी सायकलवर नसतील. ते मागून एसी गाडीत बसून येणार आहेत, आम्हाला पाणी वाटायला.