एपिड्युरल आणि 'आम्ही नाही का सोसल्या' पार्टी

'आम्ही नाही का सोसल्या कळा?' 'कंबर जन्माची जाते.' 'बाळ सुस्त होतं हो.' मावसबहिणीने फॅमिली ग्रुपवर नुसतं विचारलं होतं, एपिड्युरल, म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी करायला पाठीतून देतात ते औषध, कुणी घेतलंय का म्हणून, तर अर्ध्या तासात एवढं सगळं येऊन पडलं, आणि सगळ्यात लांबलचक मेसेज कुणाचा तर काकांचा! प्रत्येक बाळंतपणात काकांनी हॉस्पिटलबाहेर चहा पिण्यापलीकडे काय केलं ते काकूच सांगू शकेल, पण असो. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

मी घेतलंय. दुसऱ्या वेळी, पुण्यात. पहिल्या वेळी गावाकडे मागून मिळालं नव्हतं, "आपल्याकडे तसलं काही नसतं" एवढंच उत्तर, आणि शेजारच्या बेडवरची पोरगी ओरडली तर नर्सबाई तिला म्हणाल्या, "तेव्हा बरी नाही ओरडलीस?" हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी ऐकलंय ते कमेंटमध्ये कळेलच.

तर एपिड्युरल म्हणजे काय होतं ते सांगते. बेडच्या कडेला बसवतात, उशी पोटाशी घट्ट धरायची, हनुवटी छातीला, पाठ बाहेर काढायची. आधी जागा बधिर करायचं छोटं इंजेक्शन, मग कंबरेच्या दोन मणक्यांमधून सुई, आणि ती नेमकी आत असताना कळ आली बघा, सिस्टरने खांदे धरून ठेवलेले आणि मागून डॉक्टर शांतपणे "ताई, अजिबात हलायचं नाही हं". अवघड होतं ते, खोटं कशाला सांगू. सुईतून एक बारीक प्लॅस्टिकची नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात, पाठीत राहते ती फक्त नळी, चिकटपट्टीने खांद्यापर्यंत चिकटवलेली. त्यातून बधिर करणारं औषध अगदी पातळ करून, सोबत थोडं फेंटॅनिल, म्हणजे जोरदार वेदनाशामक. पंधरा-वीस मिनिटांनी मी मॉनिटरवर कळेचा ग्राफ वर चढताना बघत होते आणि मला फक्त पोट कडक झाल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याशी धड बोलले त्या रात्री पहिल्यांदा!

आता कंबर. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो, सुई त्याच्या खाली जाते, आणि तीही मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेरच्या जागेपर्यंतच. जन्मभराची कंबरदुखी एपिड्युरलने होते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. सुईची जागा थोडे दिवस दुखते, ते वेगळं. बाकी कंबर दुखतेच, कारण नऊ महिने तो भार वाहिलेला असतो, मग वाकून दूध पाजणं, वाकून दुपटी बदलणं, आणि ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांचीही दुखतेच ना? शिवाय सिझरला देतात ते स्पायनल, ते एकाच इंजेक्शनचं प्रकरण वेगळं, पण आपल्याकडे सगळंच 'पाठीतलं इंजेक्शन'. सिझरचं प्रमाण एपिड्युरलने वाढत नाही हेही अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

मात्र तोटे आहेतच आणि डॉक्टरांनी ते आधी सांगायलाच हवेत. बीपी उतरतं, अंगाला खाज सुटते, ताप येऊ शकतो, पाय जड होतात, लघवीला नळी लागू शकते, जोर करायची वेळ थोडी लांबते. कधी एकाच बाजूला लागू पडतं आणि नळी परत घालावी लागते. साधारण शंभरात एकीला चुकून आवरणाला भोक पडून भयंकर डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, त्यावर उपाय आहे पण ते दिवस वाईट जातात. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर बहुतेक वेळा देतच नाहीत.

आणि नैसर्गिक नैसर्गिक म्हणणाऱ्यांना एक विचारते. कळा वाढवायला सलाईनमधून ऑक्सिटोसिन सोडतात तेव्हा कुठे असता हो तुम्ही सगळे? त्यावर एक मेसेज येत नाही! म्हणजे औषधाने कळा वाढवल्या तर ते बाळंतपण नॉर्मल, आणि औषधाने कमी केल्या की बाई नाजूक.

पण खरं सांगू का, मला ग्रुपवरच्या आत्या-काकूंचा फार राग येत नाही, त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. माझं भांडण हॉस्पिटलांशी आहे. सिझरला भूलतज्ज्ञ येतो, तासा-दीड तासात मोकळा होतो, पुढच्या हॉस्पिटलला जातो. कळा मात्र आठ तास चालतात, बारा तास चालतात, रात्री दोनला सुरू होतात, आणि एपिड्युरल चालू असताना डोस वाढवायला, बीपी उतरलं तर सावरायला कुणीतरी हाताशी लागतं. दहा बेडच्या नर्सिंग होमला हे परवडत नाही. मान्य आहे, त्यात लबाडी काही नाही. मग तसं सरळ सांगा ना, की आमच्याकडे रात्रीचा भूलतज्ज्ञ नाही. त्याऐवजी "कशाला हवंय, बाईच्या जातीला देवाने ताकद दिलीय" हे कशाला?

आणि मग होतं काय, की कळा असह्य झाल्यावर बाईच म्हणते करा बाई सिझर, आणि सिझर लगेच मिळतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी हॉस्पिटलांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत, सरकारीत १४.३. सगळी काही दुखतंय म्हणून झाली नसणार, पण घाबरून मागितलेली त्यात किती असतील?

ज्यांना नको त्यांनी नकोच घ्यावं. माझ्या जावेने काही न घेता बाळंतपण केलं, सिस्टर चांगली होती, आई हात धरून बसली होती, आणि तिला त्याचा अभिमान आहे, असावाच. लंडनची मैत्रीण तर मास्कमधून गॅस ओढत खोलीभर फिरत होती, तिला तेवढं पुरलं. पण निवड तिची हवी, आणि तीही सातव्या-आठव्या महिन्यात शांत डोक्याने केलेली. पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं असताना तिच्या नवऱ्याने बाहेर सासूला विचारून सांगायची गोष्ट आहे का ही?

मावसबहिणीने काल तिच्या हॉस्पिटलला फोन केला. रिसेप्शनवाली म्हणाली, आहे ना मॅडम, एपिड्युरल आहे आमच्याकडे, डॉक्टर ऑन कॉल असतात. हिने विचारलं, रात्री अडीचला फोन केला तर किती वेळात पोचतात, आणि नंतर थांबतात का? पलीकडून "विचारून सांगते". अजून सांगितलेलं नाही, ती उद्या दुसऱ्या हॉस्पिटलला जाऊन येतेय.