बडे बाबूंना कोण बोलावणार?

आज दिवसभर ट्रेनिंग होतं. शालेय नेतृत्व विकास. जिल्ह्यातले प्राचार्य, प्रभारी प्राचार्य आणि माझ्यासारख्या काही जुन्या मास्तरीणबाई. पोहे झाले, दीपप्रज्वलन झालं, मग गट पाडून रद्दी पेपरांचा मनोरा बांधायला लावला, म्हणजे आमच्यातलं नेतृत्व बाहेर येणार! शेजारचे सर एका हाताने मनोरा धरून दुसऱ्या हाताने बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाचे फोन घेत होते.

तेही मी हसून सोडलं असतं. पण सही करताना यादी पाहिली तर एक लिपिक नाही, एक भृत्य म्हणजे शिपाई नाही. विचारलं तर आयोजक म्हणतात, "मॅडम, ये लीडरशिप का है ना." बस, तिथे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाहीये.

इथेच मध्य प्रदेशात देपालपूरकडच्या एका शाळेत होते तेव्हा आमचे एक बडे बाबू, म्हणजे ऑफिसातले लिपिक, होते. सरकारकडून नववीत येणाऱ्या, ज्यांच्या गावात शाळा नाही अशा लांबच्या मुलांना सायकल मिळते, माहितीये ना. त्या वर्षी बऱ्याच मुलींची नावं पोर्टलवर अडकली, समग्र आयडीत (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) एक नाव, आधारवर दुसरं, आमच्या स्कॉलर रजिस्टरमध्ये तिसरंच. आम्ही सगळे 'पोर्टल का इशू है' म्हणून मोकळे. बाबूंनी मात्र मधल्या सुट्टीत एकेका मुलीला बोलावून तिन्ही कागद समोर ठेवले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि संध्याकाळी स्वतःच्या लूनावर पंचायत सचिवाकडे. पेट्रोल स्वतःचं. सायकली आल्या. अहो, नववीतली पोर रोज एवढं अंतर चालून किती दिवस येणार? घरचे सरळ नाव काढतात.

आता याला नेतृत्व नाही तर काय म्हणायचं?

आणि तेव्हाच्या आमच्या प्राचार्या मॅडम! त्यांनी काय केलं, तर बाबूंना सांगितलं, हे काम आता तुमचं, पोर्टलचा पासवर्ड घ्या, सही लागली तर मी वर्गात असले तरी तिथे येऊन घ्या, ऑफिसबाहेर उभं राहू नका. एवढंच. मॅडमनी नेतृत्वाचा कुठलाही कोर्स केलेला नव्हता. त्यांची बदली झाली, नवीन साहेब आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळे पासवर्ड स्वतःकडे घेतले आणि बाबूंना दुसऱ्या ऑफिसात अटॅच करून टाकलं. साहेबांकडे सर्टिफिकेटं भरपूर होती हं.

कागदावर तर आपल्याकडे सगळंच आहे. दिल्लीला नीपा या शिक्षण नियोजनाच्या संस्थेत शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे, 2012 पासून. 2019 मध्ये निष्ठा हे शिक्षकांचं राष्ट्रीय प्रशिक्षण आलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण लिहिलंय, मुख्याध्यापकांनाही. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो, दीक्षा या सरकारी पोर्टलवर ट्रेनिंगचा व्हिडिओ लावून फोन चार्जिंगला आणि आपण स्वयंपाकघरात मेथी निवडतोय. मी पण तेच करते, उगाच कशाला खोटं बोला.

बरं, एक मान्य. दुपारचं सेशन चांगलं होतं. वर्ग बघायला गेलात तर मागे बसून चुका लिहू नका, तास झाल्यावर आधी बाईंनाच विचारा की तुम्हाला कसा वाटला. हे सांगणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल, पण शिकवावं तर असं. हेच दिवसभर केलं असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

पण परत तेच. तो प्रभारी प्राचार्य वर्ग बघायला जाणार कधी? पगाराची बिलं संकुल प्राचार्यांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेतल्या प्राचार्यांच्या, सहीने निघतात, याच्या हातात पैशाचा अधिकार नाही, दोन विषयांचे अतिथी शिक्षक अजून आलेले नाहीत म्हणून तो स्वतःच गणित घेतोय, वर निवडणुकीचं काम. कुणी म्हणेल जनगणना, आपत्ती, निवडणूक ही कामं शिक्षकांना देता येतात, शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम 27 मध्येच तसं आहे. आहे, बाबा. पण मग त्याच माणसाला हॉलमध्ये बसवून 'व्हिजन' लिहायला लावू नका ना. त्याचं व्हिजन एवढंच असतं की बाबू टिकावा आणि नेट चालावं.

बाबूंना मघाशी फोन केला होता. तिकडे आवक-जावक रजिस्टर सांभाळतात म्हणे. ट्रेनिंगचं सांगितलं तर हसले, म्हणाले, "ताई, जेवायला काय होतं?" मग लगेच विचारलं, या वर्षी नववीचं समग्र कोण बघतंय?

मला उत्तर देता आलं नाही, कारण कुणीच बघत नाहीये. पुढच्या बॅचची यादी करताय त्या साहेबांनो, निदान प्रत्येक शाळेचा एक लिपिक त्यात घाला, आणि प्राचार्यांना त्याच्या शेजारी बसवा. मनोरा नंतर बांधू.