वेल्ड केलेला डिफरेन्शियल म्हणे ‘रस्त्यावरही मस्त चालतो’!

ओहायोतल्या माझ्या भाच्याने जुनी फोर्ड मस्टँग घेतली आहे. 1989 ची, पाच लिटर व्ही-8, आधीच्या मालकाने तीन गिअरचा सी-4 ऑटोमॅटिक बसवलेली. आठवडाभर ऑफिसला न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर) पाव मैल पळवायची, असा बेत. हौस आहे, करू दे. माझं डोकं फिरलं ते त्याने पाठवलेल्या व्हिडिओने. खाली प्रश्न: “मामा, हे करून घेऊ का? शनिवारी मित्राकडे वेल्डिंग मशीन मोकळं आहे.”

व्हिडिओ गाडीवेड्यांच्या ग्रुपांत जोरात फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: साधा डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनची ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा, एकाच चाकाला ताकद देतो, म्हणून त्याचे आतले गिअर वेल्ड करून टाका, फुकटात स्पूल (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) मिळेल आणि रस्त्यावरही काही त्रास नाही. फोर्डचा 8.8 इंची (आतल्या मोठ्या क्राऊन गिअरचा व्यास) मागचा एक्सल भंगार, घ्यायचा तर 9 इंचीच. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, 4.56 च्या खाली नको. आणि डिफच्या तेलात घालायचं फ्रिक्शन मॉडिफायर म्हणजे कंपन्यांची लूट.

पहिल्या वाक्यातच घोळ आहे. साधा, म्हणजे ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. अडचण अशी की ज्या चाकाची पकड कमी, त्याला झेपेल तेवढाच टॉर्क दुसऱ्यालाही मिळतो. मस्टँगसारख्या सलग एक्सलच्या गाडीत जोरात सुटताना प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागच्या उजव्या चाकावरचं वजन हलकं होतं. ते चाक जागच्या जागी फिरतं, धूर काढतं, आणि डावं नुसतं बघत बसतं. म्हणून ‘एकाच चाकाला ताकद’ असा समज होतो. दिसतं तसं, हे मान्य. पण रोग चुकीचा सांगितला की औषधही चुकीचंच निघतं.

आता त्या वेल्डिंगकडे वळू. चीड आली ती यानेच.

डिफरेन्शियल असतो कशासाठी? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून. या मस्टँगच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण 1.45 मीटर. चौकात काटकोनात वळलात की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 2.28 मीटर जास्त जातं. 26 इंची टायरचा घेर येतो 2.07 मीटर. म्हणजे दर चौकात बाहेरच्या चाकाला एक अख्खा फेरा जास्त फिरायचा असतो. दोन्ही चाकं वेल्डिंगने एकमेकांना बांधली की तो फेरा जायचा कुठे? तो टायर रस्त्यावर फरफटून वसूल होतो, आणि टायरने सोडलं नाही तर एक्सलचा दांडा पिळून. ऑफिसला जाता-येता किती चौक लागतात ते भाच्याने मोजावं. पार्किंगमध्ये वळताना टायर किंचाळतात, गाडी हिसके देते, स्टीअरिंग वळवलं तरी नाक सरळच जायला बघतं. याला ‘काही त्रास नाही’ म्हणायचं असेल तर प्रश्नच मिटला.

पावसात आणि बर्फात प्रकरण आणखी बिघडतं, आणि ओहायोत बर्फ काही पाहुणा नाही. ओपन डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं बऱ्याचदा बाजूची पकड धरून असतं. दोन्ही बांधलेली असली की दोन्ही एकदम सुटतात. सुटलेल्या टायरला आडवी पकड उरत नाही, आणि गाडीची शेपटी शेजारच्या लेनमध्ये.

तरीही हे सगळं खऱ्या, विकतच्या स्पूललाही लागू आहे. वेल्डिंगचं स्वतःचं दुखणं वेगळं. डिफच्या आतले ते छोटे स्पायडर गिअर वरून कडक केलेल्या पोलादाचे असतात आणि त्यांना धरणारं कॅरियर बिडाचं. घरच्या मशीनने त्यावर टाका मारला की टाक्याच्या कडेचा भाग ठिसूळ होतो. आज धरेल, उद्या धरेल, आणि एक दिवस चिकट ट्रॅकवर सुटताना तुकडा उडून क्राऊन आणि पिनियन या मुख्य गिअरांच्या दातांत जाईल. वेगात असताना मागची चाकं जाम झाली तर काय होतं ते लिहायला नको.

त्यात 1989 च्या मस्टँगमध्ये एक्सल आत धरून ठेवतं ते सी आकाराचं एक छोटं क्लिप, तेही आतल्या टोकाला. एक्सल क्लिपच्या बाहेर कुठेही मोडला तर त्याला धरायला काही उरत नाही. मोडका एक्सल, ब्रेक ड्रम आणि चाक तिन्ही गाडीला सोडून चालू लागतात. बांधलेल्या डिफमध्ये एका टायरने पकड घेतली आणि दुसरा सुटला की जवळपास सगळा टॉर्क एकाच एक्सलवर येतो. म्हणजे जो भाग मोडण्याची शक्यता आपण वाढवतोय, नेमका तोच मोडल्यावर चाक जातं.

मी म्हातारा घाबरट आहे असं वाटत असेल तर माझं ऐकू नका. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगचे नियम ठरवणाऱ्या एनएचआरएचं नियमपुस्तक उघडा. मागच्या एक्सलच्या कलमात स्पायडर गिअर वेल्ड केलेल्या डिफरेन्शियलला सरळ बंदी आहे. त्याच कलमात पुढे आहे की पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणारी गाडी असो, किंवा लॉक केलेला डिफरेन्शियल असलेली कुठलीही गाडी असो, आफ्टरमार्केट एक्सल आणि एक्सल धरून ठेवणारी वेगळी व्यवस्था सक्तीची. ज्यांचा धंदाच सरळ रेषेत पळणं हा, तेही वेल्डिंग नको म्हणतात. मग ऑफिसच्या गाडीत ते चालतं हे सांगणारा हा व्हिडिओवाला कोण लागून गेला?

ड्रिफ्टिंगवाले वेल्ड केलेले डिफ वापरतात, हे व्हिडिओत खरं सांगितलंय. वापरतात. त्यांचे टायर सतत घसरतच असतात, त्यामुळे एक्सलवर तसा झटका येत नाही. हौशी लोकांच्या कमी ताकदीच्या गाड्यांत असे डिफ वर्षानुवर्षं टिकलेतही. पण ट्रॅकचे गुळगुळीत स्लिक टायर, चिकट ट्रॅक आणि व्ही-8 यांच्याशी त्याचा काय संबंध?

8.8 भंगार असल्याचं ऐकून तर हसूच आलं. फोर्डने व्ही-8 मस्टँगला 8.8 दिला 1986 मध्ये, आणि त्याचं क्राऊन-पिनियन चांगलंच दणकट आहे. कमकुवत आहेत ते 28 स्प्लाइनचे (टोकाच्या खाचा; जास्त खाचा म्हणजे जाड एक्सल) मूळ एक्सल आणि ते क्लिप. पिळाला तोंड द्यायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 31 ला 28 ने भागून घन केला तर 1.36 येतात, म्हणजे 31 स्प्लाइनचा एक्सल तेवढ्याच पोलादात सुमारे 36 टक्के जास्त झेपवतो. 35 चा जवळपास दुप्पट. तेव्हा एक्सल बदला, हौसिंगच्या (एक्सलभोवतीच्या नळीच्या) टोकांना 9 इंचीची टोकं वेल्ड करून क्लिप घालवा, झालं. वेल्डिंगची हौसच असेल तर ती इथे फिटते, आणि तीही कसबी माणसाकडून.

9 इंची उत्तम आहे, वाद नाही. पिनियनला पुढून-मागून दोन्हीकडे आधार, आणि अख्खा मधला गोळा पुढून काढता येतो. घरी एक रेशो आणि ट्रॅकला दुसरा असे दोन गोळे ठेवणाऱ्यांना त्याला तोड नाही. पण त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या सुमारे सव्वादोन इंच खाली असतं, 8.8 मध्ये दीड इंच. जितकं खाली, तितके दात एकमेकांवर जास्त घासतात आणि ताकद उष्णतेत जाते. पाव मैल बारा सेकंदांत कापणाऱ्या गाडीला हा खर्च कशाला?

रेशोचं गणित तर व्हिडिओवाल्याने केलेलंच दिसत नाही. सी-4 ला ओव्हरड्राइव्ह (इंजिनला हळू फिरू देणारा वरचा गिअर) नाही, वरचा गिअर सरळ एकास एक. 26 इंची टायर आणि 4.56 घेतला तर हायवेवर 65 मैलांच्या वेगाला इंजिन सुमारे 3830 आरपीएमवर बोंबलत राहणार. पाव मैलाच्या शेवटी 110 मैल धरले तर 6480 च्या आसपास, ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरची घसर वेगळी. मूळ 5.0 इंजिनाची ताकद त्याच्या कितीतरी आधीच संपते. 3.73 ला हेच आकडे 3130 आणि 5300 येतात. ओव्हरड्राइव्ह असता तर 4.10 लाही मी नाही म्हटलं नसतं.

फ्रिक्शन मॉडिफायर: क्लचवाल्या लिमिटेड-स्लिपला (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला ताकद देणाऱ्या डिफला) लागतं, नाहीतर वळताना प्लेटा खडखडतात. ट्रूट्रॅकसारख्या नुसत्या गिअरांवर चालणाऱ्याला लागत नाही. लूट वगैरे काही नाही, छोटीशी बाटली असते.

आणि गंमत अशी की भाच्याच्या गाडीत ओपन डिफ नाहीच. या गाडीला फोर्डने कारखान्यातूनच ट्रॅक्शन-लॉक हा क्लचवाला लिमिटेड-स्लिप दिला होता. प्लेटा झिजल्या की तो ओपनसारखाच वागतो. मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून एक हाताने फिरवलं आणि दुसरं सहज उलटं फिरलं, तर प्लेटा गेल्या समजायचं. नव्या प्लेटांचा संच वेल्डिंगइतका फुकट नाही, पण टायरच्या जोडीपुढे किरकोळ आहे. तो टाक, 31 चे एक्सल टाक, क्लिप घालव आणि 3.73 बसव, असं त्याला लिहून पाठवलंय. पुढे कधी स्लिकवर अकरा सेकंदांच्या आत यायला लागलास तर डेट्रॉइट लॉकर (चाकं आपोआप बांधणारा डिफ) किंवा स्पूलचं बोलू. तोवर नवं क्राऊन-पिनियन बसलं की आधी रंग लावून दातांचा ठसा तपास, पहिल्या फेरीत पंधरा-वीस मैल हळू चालवून पूर्ण थंड होऊ दे, आणि 500 मैलांनी तेल बदलल्याशिवाय ट्रॅकवर नेऊ नकोस.