"वस्त्या उठवा, शहर सेफ होईल" म्हणे!

झोपडपट्ट्यांमुळेच गुन्हे होतात असं सांगणारा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. "जगाचं कटू सत्य" असं नाव, चार मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि 'किमान दहा जणांना पाठवा'. मी असलं काही आलं की न वाचता डिलीट करते, पण परवा मावशीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आपल्या बाई पण झोपडपट्टीतच राहतात गं, काढू का त्यांना?" बाई तिच्याकडे अकरा वर्षं आहेत. मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर रात्री मुक्कामाला त्याच होत्या, आम्ही भाचे-पुतणे नव्हतो. त्या अकरा वर्षांवर कुणा अनोळखी माणसाचा फॉरवर्ड भारी पडतोय हे बघून माझं डोकंच फिरलं, म्हणून बसून लिहितेय.

पहिला मुद्दा: "जिथे गरिबी तिथे गुन्हेगारी, हा निसर्गनियम आहे."

निसर्गनियम असता तर सगळीकडे लागू झाला असता ना? संयुक्त राष्ट्रांचं गुन्हेगारीवर काम करणारं ऑफिस आहे, यूएनओडीसी, त्यांच्या २०२३च्या अहवालात २०२१चे आकडे आहेत. लाख लोकांमागे खून किती, तर उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून १५, आणि आशियात २.३. आता गरीब माणसं जास्त कुठे आहेत ते तुम्हीच सांगा. बांगलादेश दक्षिण आफ्रिकेपेक्षा कितीतरी गरीब, पण खुनाचं प्रमाण दक्षिण आफ्रिकेत लाखामागे चाळीसच्या वर आणि बांगलादेशात तीनच्या आसपास. मी मुद्दाम खुनाचेच आकडे घेतेय, कारण चोरीची तक्रार अर्धे लोक करतच नाहीत त्यामुळे ते आकडे देशादेशांत तुलना करण्याच्या लायकीचे नसतात, प्रेत लपवणं त्या मानाने अवघड. कारणं विचाराल तर विषमता, बंदुका, टोळ्या, ड्रग्जचा धंदा, पोलिसांवर विश्वास आहे की नाही, अशी बरीच आहेत. नुसता रिकामा खिसा हे कारण पुरत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. एकाच शहरातले भाग शेजारी ठेवून बघितले तर बहुतेक ठिकाणी गरीब भागात हिंसा जास्त दिसते. पण मार कोण खातं? तिथेच राहणारे. मेसेजवाला त्यांना गुन्हेगार म्हणतोय आणि आकड्यांत ते बळी आहेत. शिवाय 'वाईट एरिया' म्हणजे अख्खा एरिया वाईट असंही नसतं. अमेरिकेतल्या सिएटल शहराचे चौदा वर्षांचे आकडे तपासले तेव्हा निम्मे गुन्हे जेमतेम चार-पाच टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडलेले निघाले. म्हणजे एक कोपरा, एक बार, एक ओसाड प्लॉट. बाकीच्या गल्ल्यांमध्ये लोक आपले सकाळी उठून कामाला जातात.

दुसरा मुद्दा: "श्रीमंत देशात रात्री दोन वाजता कुठेही फिरा, कोणी हात लावणार नाही."

टोकियोत फिरा की, कोण नाही म्हणतंय. पण त्याच श्रीमंत जगात अमेरिकेतलं सेंट लुईस आहे, तिथे २०२० साली खुनाचं प्रमाण लाखामागे ८७ होतं. (एका शहराचा आकडा अख्ख्या देशाला लावणं ही थोडी चीटिंग आहे, पण 'कुठेही' हा शब्द मेसेजवाल्याचा आहे, माझा नाही.) आणि खून कमी म्हणून बाईमाणसाला रात्री बिनधास्त फिरता येतं असंही नाही, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नाही. पण धोका नुसता रस्त्यावरच नसतो: २०१७ साली जगात अंदाजे ८७ हजार बायका-मुलींचे खून झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त नवऱ्याने, जोडीदाराने नाहीतर घरच्याच कोणीतरी केलेले होते. घराचा पत्ता श्रीमंत एरियातला असला तरी.

तिसरा मुद्दा, ज्याच्यामुळे मी खरी भडकले: "झोपडपट्ट्या उठवा, गुन्हे आपोआप संपतील. ही शहराची स्वच्छता आहे."

स्वच्छता! २००५ साली झिम्बाब्वेत सरकारने नेमकं हेच केलं, मोहिमेचं नावच 'मुरांबात्सविना', म्हणजे साधारण 'घाण काढा'. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार सात लाख लोकांचं घर नाहीतर रोजगार, किंवा दोन्ही गेलं. इतक्या लोकांना उघड्यावर आणून कोण सुरक्षित झालं?

आणि हे गरीब देशाचं उदाहरण झालं म्हणाल तर परत सेंट लुईसलाच चला. तिथे जुनी गरीब वस्ती पाडून १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची ३३ टॉवरची नवीकोरी सरकारी वसाहत बांधली, प्रत्येक टॉवर ११ मजली. मेसेजवाल्याच्या स्वप्नातलंच शहर. वीस वर्षंसुद्धा टिकली नाही. देखभाल भाड्यातून करायची असं ठरलेलं, इकडे शहरातून लोक निघून जात होते, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची, ती पण धड चालेना आणि जिन्यातून जायची लोकांना भीती. १९७२ला पाडायला सुरुवात झाली. आणि खुनांचा तो लाखामागे ८७चा आकडा पण ह्याच शहराचा. मी म्हणत नाही की वस्ती पाडली म्हणूनच तो आला, मधे पन्नास वर्षं गेलीत आणि शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांवरून तीन लाखांवर आलीय. पण पाडून गुन्हे 'आपोआप' संपले नाहीत एवढं तर दिसतंय ना डोळ्यांना?

का संपत नाहीत ह्याचं मला पटलेलं उत्तर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शिकागोतल्या अभ्यासात आहे, १९९७ साली 'सायन्स' ह्या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला. ३४३ भाग, ८,७८२ रहिवासी. त्यांना विचारलेले प्रश्न अगदी घरगुती आहेत: पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असली तर शेजारी काही बोलतील का? घरासमोर मारामारी झाली तर कोणी मधे पडेल का? शेजाऱ्यांवर भरवसा आहे का? जिथे उत्तर 'हो' होतं तिथे हिंसा कमी, तितक्याच गरीब भागांमध्येसुद्धा. आणि हा भरवसा कशाने कमी होतो? गरिबी एकवटल्याने होतो, हे खरं. पण लोक सतत बदलत राहिल्यानेही होतो. म्हणजे वस्ती उठवून माणसं चार दिशांना फेकली की कोणाचं पोर कोणाचं हे माहीत असणारी माणसंच राहत नाहीत, आणि पोराला कोपऱ्यावरून हाकलणारी आजी कुठल्यातरी आठव्या मजल्यावर एकटी बसते. सुरक्षिततेचा जो काही फुकटचा बंदोबस्त होता तोच तुम्ही बुलडोझरखाली घातलात.

उलटं करून बघितलंय कोलंबियातल्या मेडेयीनने. १९९१ला तिथे खुनाचं प्रमाण लाखामागे साडेतीनशेच्या वर होतं, जगात कुप्रसिद्ध. २००४ला डोंगरावरच्या गरीब वस्त्या केबल कारने शहराला जोडल्या, आजूबाजूला दिवे, पायवाटा, लायब्ररी. वस्ती जागेवरच ठेवून. नंतरच्या अभ्यासात केबल कार पोचलेल्या भागांमधली खुनांची घट बाकीच्या तसल्याच भागांपेक्षा ६६ टक्क्यांनी जास्त निघाली. टोळ्यांची आपसातली समीकरणं बदलली त्याचाही वाटा होता, सगळं श्रेय केबलला देऊ नका.

चौथा मुद्दा: भिंत, गेट आणि कॅमेरे लावले की सेफ. कॅमेऱ्याने पार्किंगमधल्या चोऱ्या कमी होतात, मारामाऱ्यांना फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियात ओसाड प्लॉट साफ करून नुसतं गवत आणि झाडं लावली तर सगळ्यात गरीब भागांमध्ये गोळीबार २९ टक्क्यांनी उतरला. स्वस्तातलं काम आहे, पण त्यावर फॉरवर्ड कोण बनवणार.

हे सगळं मावशीला फोनवर पाऊण तास सांगितलं. ती म्हणाली, "अगं पण पाठवणारे डॉक्टर आहेत." बाईंना तिने काढलेलं नाही. कपाटाला मात्र नवीन कुलूप आलंय, आणि ते आणायला तिने बाईंनाच पाठवलं होतं.