पर्कोलेटरमधला काळा थर राखून ठेवू नका

‘कॉफी पर्कोलेटर साबणाने धुवू नका, आतला काळा थर बिडाच्या तव्यासारखा मुरतो आणि चव वाढवतो’ हा मेसेज आमच्या म्हापशात घरोघरी फिरतोय. तो चुकीचा आहे. (पर्कोलेटर म्हणजे उकळतं पाणी मधल्या नळीतून वर चढून चाळणीतल्या कॉफीवर पडतं ते भांडं.)

बिडाच्या तव्यावरचं तेल कडक तापून घट्ट लेप बनतं. पर्कोलेटरमध्ये पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. कॉफीचं तेल तिथे नुसतं चिकटून राहतं आणि खवट होतं. काल मी आमच्या पर्कोलेटरची मधली नळी काढून हुंगली. जुन्या खोबरेलाचा वास! बारीक ब्रश फिरवला तर तपकिरी चिकटा निघाला. आपल्या दमट हवेत ओलं भांडं झाकून ठेवलं की आणखीच वाईट.

रोज सगळे भाग सुटे करून साबणाने धुवा, चाळणीची भोकं ब्रशने मोकळी करा, कोरडं करून उघडंच ठेवा. पांढरा क्षार धरला तर पातळ व्हिनेगर उकळून नीट खळबळा. खाण्याचा सोडा फक्त स्टीलला. ॲल्युमिनियम त्याने काळं पडतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना आधीच पाठवलाय, त्यांना हे कळवा.