मेयोतल्या झोपड्या कुठे गेल्या?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. गोषवारा असा: ‘एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये माणसं बेसुमार वाढली होती. 1845 साली बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला आणि निसर्गाने तोल साधला. दहा वर्षांत मातीच्या झोपड्या पाऊण हिश्श्याने कमी झाल्या, उरलेल्यांना चांगली घरं मिळाली, पुढे सगळं सुरळीत झालं. लोकसंख्या घटली की राहणीमान सुधारतं, हा घ्या पुरावा.’ त्यानंतर आपल्याकडच्या लोकसंख्येवर दोन ओळी आणि हात जोडलेला इमोजी.

झोपड्यांचा आकडा जवळपास बरोबर आहे. पंचाईत तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

1841 च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या घरांची चार वर्गांत विभागणी केली होती. चौथा वर्ग म्हणजे मातीच्या भिंतींची, एका खोलीची खोप. अशा खोपी तेव्हा 4,91,278 होत्या, 1851 ला उरल्या 1,35,589. साडेतीन लाखांहून जास्त गेल्या. फिरणारा मजकूर इथे थांबतो. त्याच तक्त्यातल्या वरच्या ओळी कुणी वाचत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातली घरं मिळून दहा वर्षांत किती वाढली? 73,073. खोपीतली माणसं चांगल्या घरांत गेली असती तर ही वाढ साडेतीन लाखांच्या आसपास दिसायला हवी होती. दिसते ती त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. वस्ती असलेली एकूण घरं 13,28,839 वरून 10,46,223 वर आली. टक्केवारी मात्र झकास: चौथ्या वर्गाचा वाटा 37 वरून 13 वर. नापासांची नावं पटावरून काढून टाकली की शाळेचा निकाल असाच सुधारतो.

मग ही घरं गेली कुठे? त्यासाठी देशाचा तक्ता सोडून एका परगण्यात उतरावं लागतं. पश्चिम किनाऱ्यावरचा मेयो घ्या. 1841 ला लोकसंख्या 3,88,887, 1851 ला सुमारे 2 लाख 74 हजार. देशभरात घट 20 टक्क्यांच्या आसपास, मेयोत 29.

मेयोतल्या जवळपास पाऊण हिस्सा कुळांच्या जमिनीचं सरकारी मूल्यांकन वर्षाला 4 पौंड किंवा त्याहून कमी होतं. कायदा असा की इतक्या लहान कुळाच्या वाट्याचा गरीब-मदतीचा कर जमीनदाराने भरायचा. कुळ खंड देवो न देवो, कर सुटत नाही. दुष्काळात खंड बुडाला आणि कर चढत गेला. जमीनदाराच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: कुळ काढा, खोप पाडा, कर वाचवा.

त्यात जून 1847 मध्ये विल्यम ग्रेगरी या खासदाराचं कलम आलं. ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने 10 गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन आहे त्याला ती सोडल्याशिवाय सरकारी मदत नाही. कलम फक्त जमिनीपुरतं होतं, घराबद्दल त्यात काही नव्हतं. पण जमीन सोडलेल्या उपाशी कुळाचं घर उभं ठेवण्यात जमीनदाराच्या कारभाऱ्याला कसला रस असणार?

पाडायची रीतही ठरलेली. छपराची मुख्य तुळई करवतीने कापायची, दोर बांधून ओढायची. छप्पर बसलं की मातीच्या भिंतींना पहार पुरे. या टोळ्यांना लोक ‘क्रोबार ब्रिगेड’, म्हणजे पहारवाली पलटण, म्हणत. कधी हातावर थोडे पैसे ठेवून कुळाकडूनच त्याचं घर पाडून घेत. मग त्याच मोडक्या भिंतींच्या आडोशाला, पडलेल्या लाकडांचा आसरा करून लोक राहायचे. त्याला नाव होतं स्कॅल्पीन. तोही सापडला की मोडायचे. मेयोतल्या बॅलिनरोब या एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांत, लॉर्ड लुकन या जमीनदाराने 1846 ते 1849 या काळात 300 हून अधिक खोपी पाडल्या आणि सुमारे 2,000 माणसं हाकलली. ती जमीन चांगली, पिकाऊ होती. तिथे बटाट्याच्या रोगाने एकही भिंत पाडली नव्हती.

हाकललेल्यांतले बरेच वर्कहाउसात, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहात, गेले. 1850 च्या सुमारास आयर्लंडभर तिथे अडीच लाखांच्या आसपास माणसं होती. डोक्यावर छप्पर होतं त्यांच्या, घर नव्हतं.

आता ‘बेसुमार वाढ’ आणि ‘तोल’. वाढ दुष्काळाआधीच मंदावली होती: 1831 ते 1841 या दशकात देशाची लोकसंख्या जेमतेम 5 टक्क्यांनी वाढली. आणि तोल साधला गेला असता तर घसरण कुठेतरी थांबली असती. मेयोची लोकसंख्या 1901 ला 2 लाखांच्याही खाली गेली होती. रोग गेला, जमीन तीच राहिली, माणसं अमेरिकेला आणि इंग्लंडला जातच राहिली. अशा तोलाचं दुसरं पारडं दाखवा म्हणावं.

या मजकुराला उत्तर म्हणून काहीजण उलट टोक गाठतात: रोग वगैरे निमित्त, सगळं धान्य इंग्रजांनी बाहेर नेलं. तेही धड नाही. धान्य निर्यात होत होतं हे खरं, पण 1847 मध्ये मक्याची आयात निर्यातीपेक्षा बरीच मोठी होती. 1846 चं बटाट्याचं पीक खरोखरच जवळजवळ सगळं कुजलं. रोगाने माणसं उपाशी पाडली. बेघर करण्याचं काम कर, कायदा आणि पहार यांनी केलं.

राहिलं ‘पुढे सगळं सुरळीत झालं’. पुढे कुळांचा पुढारी झालेला मायकेल डेव्हिट मेयोतल्या स्ट्रेडमध्ये 1846 ला जन्मला. 1850 ला घरच्यांना हुसकावून लावलं आणि कुटुंब इंग्लंडमधल्या लँकेशायरला गेलं. पुढच्या वर्षीच्या सुधारलेल्या तक्त्यात हे कुटुंब नाही, कारण ते आयर्लंडमध्येच नव्हतं. लँकेशायरमध्ये अकराव्या वर्षी गिरणीत काम करताना त्याचा उजवा हात गेला. 1879 ला तो मेयोत होता आणि तिथल्या कॅसलबारमध्ये कुळांची संघटना, लँड लीग, उभी राहिली. पुढच्याच वर्षी बॅलिनरोबजवळच्या कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्याचं पीक काढायला आसपासचा एकही मजूर तयार होईना. शेवटी कॅव्हन आणि मोनाहन या दुसऱ्या परगण्यांतून मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त शिपाई.